उताणा उंदीर

वृंदावन योजना, लखनौ
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. मंजिरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आई म्हातारपणी शाळेत गेलेली नाही. हे अक्षर आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुनीतीचं. मूळची अकोल्याची, नवरा एअरफोर्सात. मी बोलते, ती लिहिते. मी बोलेन तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं तिला आधीच बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि पहिल्याच ओळीत 'उत्तम' घातलं. मी नुसतं 'अनेक आशीर्वाद' म्हटलं होतं. असो, आता लिहिलंच आहे तर उत्तमच घे.

आधी खुशाली उरकते. सुधीरची रेल्वे, प्रतिमाची शाळा, अबोलीची दहावी आणि माझे गुडघे, चारही चालू आहेत. थंडी पडायला लागलीय. सकाळी समोरची बिल्डिंग धुक्यात जाते ती दहाला परत येते. प्रतिमानं मटार आणले होते. सोलायला मला, खायला सगळ्यांना. अबोलीशी मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघींना नीट कळतं.

तू म्हणशील, घरात सून आहे, नात आहे, मग शेजारणीला कशाला बसवलं? ते पुढं येईल. आणि फोन का नाही केला, हे तर तू विचारूच नकोस. तू उचलत नाहीस.

सांगायचं म्हणजे आमच्याकडं एक कुत्रा आहे आणि त्यानं उंदराचं औषध खाल्लं. दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही.

हा कुत्रा आला पितृपक्षात. तुझ्या बाबांची सप्तमी. सुधीरनं गच्चीवर पान ठेवलं आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. तास झाला. आमच्या पोटात कावळे ओरडायला लागले, बाहेरचे मात्र येईनात. प्रतिमा म्हणाली, "आई, इथं कावळे आहेतच कुठं, सगळी कबुतरं." सुधीर हात जोडून पुटपुटला, बाबा, काय राहिलंय ते सांगा. मला माहीत होतं काय राहिलंय. अशा वेळी मोठ्यानं कबूल करायचं असतं, मग कावळा शिवतो. मी तोंड उघडलं नाही.

शेवटी पान खाली गेटपाशी नेऊन ठेवलं. तर तिथं हा उभा. काळा, थोराड, भुवईवर पांढरे केस. कधी बघितलेला नव्हता. वडा खाल्ला, भात खाल्ला, आळूची भाजी चाटून पुसून खाल्ली. खिरीला तोंड लावलं नाही. बाबांना गोड चालायचं नाही, तुला माहीतच आहे. सुधीर हसला. मी पण हसले. कुत्र्याला खीर नको म्हणजे काय, असं म्हणून हसले आणि वर येऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तो वरच. अबोलीनं नाव ठेवलं कल्लू. हाकललं तरी जाईना, आणि मनापासून हाकलत कुणीच नव्हतं.

आता मी सांगते ते खोटं वाटलं तर वाटू दे. दुपारी चारला तो बाबांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला येऊन बसायचा. उजव्या नाही. पुढचा एक पाय दुसऱ्यावर टाकून. चहा उकळायला लागला की घशातून खाकरल्यासारखा आवाज काढायचा. बातम्या लागल्या की उठून जायचा, सरकारवर नाराज असल्यासारखा. एकदा मी घाईत त्याला "अहो, सरका जरा" म्हणाले. तो सरकला. प्रतिमा पोळ्या लाटता लाटता हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. इतकी वर्षं सांभाळलं, आणखी चार वर्षं सांभाळलं असतं. पण संध्याकाळी सात वाजले की तो माझ्या खोलीत यायचा आणि कपाटासमोर बसायचा. सात ही बाबांच्या गोळीची वेळ. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा पत्र्याचा डबा असतो, तुझ्या लहानपणचा, फुलाफुलांचा. कुत्रा त्या कप्प्याकडं तोंड करून बसायचा. भुंकायचा नाही, ओरबाडायचा नाही. बघत राहायचा. मग वळून माझ्याकडं बघायचा. परत कप्प्याकडं. अर्धा तास. पितृपक्ष संपला, दसरा झाला, दिवाळी झाली, एक दिवस चुकला नाही. मी डबा हलवून वरच्या कप्प्यात ठेवला. त्या संध्याकाळी तो मान वर करून बसला.

अबोली म्हणायची, "आजी, उसमें लड्डू छुपाए हैं क्या?" मी म्हणायचे, हो, तुझ्या लग्नाचे.

डब्यात लाडू नव्हते. काय होतं ते सांगते, जरा धीर धर.

याच सुमाराला स्वयंपाकघरात उंदीर झाले. प्रतिमानं कोपऱ्यावरच्या दुकानातून औषधाचं पाकीट आणलं, हिरवट वड्या, वड्यांसारख्या वड्या. सिंकच्या मागं चार टाकल्या आणि बाकीचं पाकीट वर डब्यांशेजारी ठेवून दिलं. पाच नोव्हेंबरला दुपारी कुत्र्याच्या पोटात त्यातल्या सहा वड्या गेल्या. पोळीच्या मलिद्यातून.

संध्याकाळी सातला तो येऊन कपाटासमोर बसला.

दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. चहाला खाकरला, पाय पायावर टाकला. मंजे, विचार कर. सहा वड्या पोटात गेलेलं जनावर ठणठणीत. मला वाटलं, जो एकदा जाऊन आला त्याला आता काय होणार. विष जिवंत माणसाला लागतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. अबोलीनं हाक मारली तर शेपूट हलवली, एवढंच. नाकातून रक्ताचा धागा आला होता. प्रतिमानं कोमट दुधात तूप घालून पाजायला घेतलं, सुधीर म्हणाला मिठाचं पाणी पाजू म्हणजे उलटी होईल, खालचा चौकीदार म्हणाला, कुछ नहीं साहब, गर्मी है, नोव्हेंबरात. मी त्याच्या पोटावरचे केस बाजूला केले. आत निळे-काळे डाग. ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक, कडेनं रक्त.

हे मी आधी बघितलं होतं. कुत्र्यावर नाही.

मी सुधीरला म्हटलं, गाडी काढ. आणि रद्दीच्या पिशवीत तळाला घातलेलं ते पाकीट काढलं आणि पदरात धरलं.

तेलीबागेतली जनावरांची डॉक्टर म्हणजे पोरगीच, अबोलीपेक्षा चार बोटं उंच असेल. तिनं कुत्र्याला बघितलं आणि सरळ विचारलं, "इसने क्या खाया है?" सुधीर म्हणाला, माहीत नाही. प्रतिमा म्हणाली, माहीत नाही. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "ये. छह. चार दिन हुए."

तिनं पाकीट वाचलं आणि आमच्यावर जी बरसली. दूध-तूप कशाला पाजलं, विष त्यानं आणखी लवकर जिरतं. मिठाचं पाणी पाजलं असतं तर तेच अंगावर आलं असतं. ज्या तासाला खाल्लं त्याच तासाला आणायचं होतं, आम्ही सुई देऊन उलटी काढली असती, आज असा उचलून आणावा लागला नसता. हे औषध लगेच काही करत नाही अम्मा, म्हणाली, तीन-चार दिवस जनावर हसतंखेळतं असतं, आतून रक्त पातळ होत जातं. लोक म्हणतात पचलं. मग एकदम फुटतं. तिनं काचेच्या नळीत त्याचं रक्त घेऊन उभं करून ठेवलं. आम्ही सगळे त्या नळीकडं बघत बसलो. रक्त गोठेना. पाण्यासारखं हलत राहिलं.

मग तिनं सुई दिली. रक्त घट्ट करणाऱ्या जीवनसत्त्वाची, म्हणाली. नंतर महिनाभर रोज गोळी, खाण्याबरोबर, एकही दिवस चुकवायचा नाही, बरा दिसला तरी. पाकीट आणलंत म्हणून नेमकं कळलं, नाहीतर अंदाजानं हात मारत बसले असते, असं म्हणाली. मला शाबासकी दिली.

सुधीर तिला समजावत होता, मेरी माँ पढ़ी-लिखी नहीं हैं, गलती से दे दिया होगा. प्रतिमानं माझ्या पाठीवर हात ठेवला. जाऊ दे हो आई, तुम्हाला वाचता येत नाही, माझीच चूक, मीच वर ठेवायला नको होतं. घरी येईपर्यंत सगळ्यांनी मिळून मला माफ करून टाकलं होतं. अबोलीनं तर मिठी मारली.

मंजे, त्या पाकिटावर उंदराचं चित्र आहे. उताणा पडलेला, पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. चित्र वाचायला अक्षर लागत नाही.

सुनीतीचा हात थांबला. मी म्हटलं, लिही. तुला चहा मिळेल, पण आधी लिही.

मी दिलं. जाणूनबुजून मलिदा कालवला, त्यात गूळ घातला नाही, बाबांना चालत नाही म्हणून तिखटमीठ लावलं. समोर ठेवला. त्यानं खाल्लं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. बाबा जेवताना कधी मान वर करायचे नाहीत, तुला आठवत असेल, वाढलेलं खायचे आणि उठायचे. हा बघत राहिला. कपाटासमोर कुणी बसू नये एवढंच मला हवं होतं.

आता डब्यात काय ते.

बाबांचं रक्त पातळ करायची गोळी होती, छातीच्या दुखण्यानंतरची. पांढरी, संध्याकाळी सातला. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, म्हणून गोळ्या माझ्याकडं. मला रंगानं कळायच्या. ते गेले त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला डॉक्टरनं गोळी बदलली. सुधीरनं गुलाबी पट्टी आणून दिली, म्हणाला, आई, ही नवी, हीसुद्धा संध्याकाळचीच. जुनी बंद, असं तो बोलला असेल, मला पोचलं नाही. बाबांना डॉक्टरनं सांगितलं असणार, पण ते मला काय सांगणार, मला काय कळतंय. मी दोन्ही दिल्या. बारा दिवस. पांढरी आणि गुलाबी, पाण्याच्या घोटाबरोबर, अगदी वेळेवर.

त्यांच्या हातावर निळे डाग आले. मी विचारलं, ते म्हणाले डास. थुंकीत रक्त आलं, म्हणाले ब्रश कडक आहे.

बाराव्या दिवशी संक्रांत. तू फोन केलास. त्यांनी तुला घरात नको म्हटलं त्यानंतर आठ वर्षांनी, तिळगूळ घ्या म्हणायला. ते काय बोलले ते मी शेजारी उभी राहून ऐकलं, ते परत लिहायला लावत नाही. फोन आपटला. रात्री डोकं दुखतंय म्हणाले. सकाळी न्हाणीत पडले.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, खून पतला करने वाली कौन सी गोली चल रही है? सुधीरनं गुलाबी सांगितली. पांढरी पट्टी माझ्या मुठीत होती. निघताना दोन्ही पिशवीत टाकल्या होत्या आणि गाडीत सुधीर म्हणाला होता, जुनी कशाला घेतलीस? तेव्हा मला कळलं, आणि मी ती काढून मुठीत धरली. आता डॉक्टर समोर उभा होता, आजूबाजूला नर्सा, सुधीरच्या ऑफिसातली दोन माणसं. मला वाटलं, विचारून घ्यावं. मग वाटलं, सगळ्यांच्या देखत अडाणीपणा कशाला उघडा पाडायचा, मोठा डॉक्टर आहे, त्याला कळेलच. मला लाज वाटली गं. एवढंच कारण आहे, दुसरं मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. मूठ मी उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. पट्टी त्या फुलाफुलांच्या डब्यात आहे.

त्या पोरसवदा डॉक्टरला मी परवा, कुत्र्याला परत दाखवायला नेलं आणि सुधीर गाडी लावायला गेला तेव्हा, विचारलं. बेटा, माणसाचं रक्त असं पातळ झालं तर काय करतात? ती हात धूत होती. म्हणाली, "यही सुई, अम्मा. वक़्त पर पता चल जाए तो यही."

आता तुझ्याकडं येते. बाबा गेल्याचं सुधीरनं तुला कळवलं तेव्हा तू त्याला म्हणालीस, माझ्या फोनमुळं गेले, मी बाबांना मारलं. फोन मोठ्या आवाजावर होता. मी समोरच बसले होते, तांदूळ निवडत. सुधीर म्हणाला, असं काही नाही गं, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता, कारण त्यालाही तसंच वाटत होतं. घरातल्या सगळ्यांना तसंच वाटतं. मी तांदूळ निवडत राहिले. त्या दिवसापासून तू आली नाहीस, फोन उचलला नाहीस, आणि पावणेदोन वर्षं मी तुला ते वाटू दिलं. तुझ्या डोक्यावर ते बसलंय म्हणजे माझ्या मुठीकडं कुणी बघणार नाही, एवढा हिशोब अडाणी बाईलासुद्धा जमतो.

तुझ्या फोननं ते गेले नाहीत. रागावणं हे त्यांचं रोजचं जेवण होतं, त्यानं कुणी मरत नाही. रक्त आधीच पाण्यासारखं झालं होतं. माझ्या हातानं. बारा दिवसांची चूक ही न कळून. त्यानंतरचं गप्प बसणं मात्र कळून सवरून, आणि ते मला चुकीत घालता येत नाही.

हे प्रतिमाच्या हातानं लिहून घेतलं असतं तर ती पहिल्या पानावरच रडली असती आणि म्हणाली असती, जाऊ द्या हो आई, तुम्हाला वाचता येत नाही. मला ते आणखी एकदा ऐकायचं नव्हतं. सुधीरला मी रविवारी सांगणार आहे. तुला आधी, कारण आधी तुझं देणं.

कुत्रा जगला. काल चार जिने स्वतः चढला. हिरड्या गुलाबी झाल्यात. गोळी मीच देते. प्रतिमानं पट्टीवर एकेका गोळीला एकेक टिकली लावून दिलीय, तरी मी तिला रोज विचारते, हीच ना, आणि दुसरी कुठली नाही ना, आणि ती रोज शांतपणे सांगते. विचारायला काही लागत नाही, असं आता वाटतं. तो माझ्या हातातून गोळी घेतो. माझ्यावर विश्वास ठेवून घेतो की मी काय करते ते बघायला घेतो, मला सांगता येत नाही. सात वाजता तो कुठं बसतो, हे तू विचारू नकोस. मला त्याची भीती वाटते, आणि सात वाजून गेले आणि तो दिसला नाही तर जास्त वाटते.

ये असं मी म्हणणार नाही. तुला यावंसं वाटलं तर घरात आता 'नको' म्हणणारं कुणी नाही. नाही आलीस तर त्याचंही कारण आता तुझ्याकडं खरं असेल, खोटं नाही. रागावायचं असलं तर माझ्यावर रागाव, मोठ्यानं रागाव, मला ऐकू कमी येतं. पण आपल्या हातांकडं बघून त्या दिवसाचं काही मनात आणू नकोस. ते हात मी न्हाऊमाखू घातलेत, त्यांच्यात तसलं काही नाही.

सुनीतीनं सगळं परत वाचून दाखवलं. एक शब्द गाळलेला नाही. तिचे डोळे लाल झालेत, मी तिला सांगितलं, कांदा चिरून घे म्हणजे नवरा विचारणार नाही.

शेवटी ती 'तुझी आई' लिहायला लागली होती. मी तिचा हात धरला. हे वाचून झाल्यावर मी तुझी कोण लागते, ते मी कसं ठरवणार? खाली जागा सोडायला सांगितलीय. जे वाटेल ते तूच लिही, आणि हा कागद परत पाठव. मला वाचता येणार नाही, पण सुनीतीला मी सांगून ठेवलंय, जे असेल ते मोठ्यानं वाच, सुधारायचं नाही.

तुझी